नागपूरच्या उन्हाळ्यातली सांग्रिया : संत्र्याचा सुगंध आदल्या दिवशी, रस शेवटच्या घटकेला

एप्रिल उजाडला की नागपुरात घरगुती मेळाव्यांची वेळ आपोआप संध्याकाळी साडेसातच्या पुढे सरकते. दुपारी गच्चीवर पाऊल ठेववत नाही आणि सूर्य मावळल्यावरही फरशीतून बराच वेळ झळ येत राहते. म्हणून सहाच्या सुमारास पाण्याचा सडा मारायचा, फरशी निवली की सतरंज्या अंथरायच्या आणि मगच पाहुण्यांना वर बोलवायचे, हा आमच्या घरचा गेल्या अनेक वर्षांचा क्रम आहे. अशा बैठकीसाठी मी फळे आणि वाइन यांचे जे थंड पेय करते त्याला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये सांग्रिया म्हणतात. तांबड्या वाइनमुळे येणाऱ्या रंगावरून, म्हणजे रक्त या अर्थाच्या शब्दावरून, हे नाव पडले असे सांगितले जाते. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यातील स्पेनच्या दालनात हे पेय अमेरिकेतील लोकांनी मोठ्या संख्येने चाखले आणि तेथून त्याचा प्रसार वाढला. युरोपीय संघाने २०१४ मध्ये केलेल्या नियमानुसार तेथील बाजारात सांग्रिया या नावाने विकले जाणारे पेय स्पेनमध्ये किंवा पोर्तुगालमध्येच तयार झालेले असावे लागते आणि त्यातील मद्यांश साडेचार टक्क्यांहून कमी व बारा टक्के किंवा त्याहून अधिक असून चालत नाही. घरी करणाऱ्याला या नियमातला पहिला भाग लागू नाही, पण दुसरा भाग मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण त्यावरून हे पेय वाइनपेक्षा हलके असायला हवे हे स्पष्ट होते.

बाहेरून आलेल्या बहुतेक पाककृती नागपुरात जशाच्या तशा वापरता येत नाहीत, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. त्याची कारणे दोन. एक तर आपल्याकडचा उकाडा बर्फाला पंधरा मिनिटेसुद्धा टिकू देत नाही, त्यामुळे पेल्यात बर्फ टाकून थंड केलेले पेय पाहता पाहता पाणचट होते. दुसरे कारण आपले संत्रे. ज्या फळाच्या नावाने हे शहर ओळखले जाते आणि ज्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, ते फळ या पेयात सर्वांत सुंदर लागते आणि सर्वांत लवकर बिघडतेही. हे दोन प्रश्न सुटले की उरलेली कृती सोपी आहे.

संत्र्याचे कडू होणे

मोसंबीचा किंवा संत्र्याचा रस सकाळी काढून दुपारपर्यंत फ्रिजमध्ये ठेवला की तो कडवट लागतो, हे नागपुरातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. फळ खाताना तो कडवटपणा जाणवत नाही, कारण पाकळ्यांच्या पापुद्र्यांत असलेले मूळ द्रव्य कडू नसते. फळ पिळले किंवा कापले की ते द्रव्य रसातील आम्लात मिसळते आणि काही तासांत हळूहळू लिमोनिन नावाच्या अत्यंत कडू द्रव्यात बदलते. बियांमध्ये तर लिमोनिन आधीपासूनच असते. मी पहिल्यांदा सांग्रिया केली तेव्हा पाककृतीत सांगितल्याप्रमाणे संत्र्याच्या जाड चकत्या सालीसकट आणि बियांसकट रात्रभर वाइनमध्ये भिजत ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या वाइनचा पहिला घोट बरा लागला, पण घशाखाली उतरल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला अशी कडू चव मागे राहिली की साखर कितीही वाढवली तरी ती झाकली जाईना. दोन बाटल्या वाया गेल्या.

तेव्हापासून मी संत्र्याचे दोन भाग वेगळे समजते आणि त्यांना वेगवेगळ्या वेळी वापरते. संत्र्याचा सुगंध त्याच्या सालीतील तेलात असतो आणि ते तेल आदल्या दिवशी साखरेत उतरवून ठेवता येते. संत्र्याची गोडी-आंबटी त्याच्या रसात असते आणि तो रस पाहुणे जिना चढू लागले की मगच काढायचा असतो. एवढे पथ्य पाळले तर नागपुरी संत्र्याची सांग्रिया कडू होत नाही, आणि तिला असा काही वास येतो की पेला ओठांपाशी नेण्याआधीच माणूस थांबतो.

साखरेत तेल उतरवण्याची कृती अशी. चार घट्ट, ताजी संत्री कोमट पाण्यात चोळून धुवावीत आणि कोरडी पुसावीत. आपल्या संत्र्याची साल सुटी असते, त्यामुळे साल काढायच्या सोलण्याने ती नीट निघत नाही, आत दबते आणि फाटते. म्हणून बारीक किसणीवर फळ अगदी हलक्या हाताने फिरवावे आणि फक्त वरचा केशरी थर किसून घ्यावा. पांढरा भाग दिसू लागला की फळ पुढे सरकवावे, कारण तो पांढरा भागही कडू असतो. हा कीस १०० ग्रॅम साखरेत घालून बोटांनी चांगला चुरावा. दोन-तीन मिनिटांत साखर ओलसर होते, तिला फिकट केशरी रंग येतो आणि स्वयंपाकघरभर संत्रे सोलल्यासारखा वास दरवळतो. ही साखर झाकून तीन-चार तास ठेवावी, मग तीत १०० मिलिलिटर गरम पाणी घालून ती पूर्ण विरघळवावी आणि गार झाल्यावर गाळून फ्रिजमध्ये ठेवावी. थंड वाइनमध्ये कोरडी साखर नीट विरघळत नाही, ती तळाशी बसते आणि शेवटच्या पेल्यात सगळी गोडी उतरते. म्हणूनही पाक करून घेणे बरे. किसलेली संत्री फेकू नयेत. ती फ्रिजमध्ये अखंड ठेवावीत, दुसऱ्या दिवशी त्यांचाच रस काढायचा आहे.

मृग बहराची, म्हणजे पावसाळ्याच्या आरंभी आलेल्या फुलोऱ्याची, संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात भरपूर येतात आणि एप्रिलच्या आरंभापर्यंत चांगली मिळू शकतात. त्यानंतर फळ सुकत जाते, भावही चढतो. मी मार्चमध्येच कळमन्याच्या बाजारातून आलेल्या ताज्या संत्र्यांचा कीस साखरेत चुरून, लहान बरण्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवते, आणि मे महिन्यात रसासाठी मोसंबी वापरूनही संत्र्याचा सुगंध त्या साखरेतून मिळवते. मोसंबीचा रसही तितकाच लवकर कडू होतो, तेव्हा तिच्या बाबतीत तेच पथ्य पाळावे लागते.

वाइन कोणती घ्यावी

महागडी वाइन या पेयासाठी घेऊ नये, आणि बिघडलेली वाइन फळांनी सुधारेल अशी आशाही धरू नये. आपल्या राज्यातच नाशिक परिसरात आणि सोलापूर जिल्ह्यातील अकलूजला पुरेशी चांगली वाइन होते. युरोपात द्राक्षांची तोडणी सप्टेंबरच्या आसपास होते, तर नाशिककडे ती जानेवारी ते मार्च या काळात होते. उन्हाळी पेयासाठी ओकच्या पिंपात फार काळ न मुरलेली, ताजी आणि फळांच्या वासाची वाइन हवी. तांबड्या वाइनमध्ये द्राक्षाच्या सालींतून आणि बियांतून आलेले टॅनिन असते, चहा जास्त उकळला की तोंड जसे आखडते तसे ते तोंड आखडवते. पेय जितके थंड होते तितका हा तुरटपणा अधिक जाणवतो आणि लिंबूवर्गीय फळांबरोबर तो कडवटपणाकडे झुकतो. म्हणून कॅबरने सोव्हिन्योंसारखी भारदस्त वाइन यासाठी टाळावी आणि झिनफॅन्डेल, टेम्प्रानिलो किंवा हलकी शिराझ घ्यावी.

माझी स्वतःची पसंती मात्र पांढऱ्या वाइनला आहे. शेनॅन ब्लां ही किंचित गोडसर आणि फळांच्या वासाची असते. तिच्यात संत्रे, आंबा, खरबूज ही सगळी आपली उन्हाळी फळे सहज मिसळतात आणि पेयाचा रंग फिकट सोनेरी राहतो. सोव्हिन्यों ब्लां अधिक आंबट आणि हिरव्या वासाची असल्याने तिच्याबरोबर पुदिना, काकडी आणि द्राक्षे छान लागतात. घरात पहिल्यांदाच हे पेय करणाऱ्याने पांढऱ्या वाइनपासून सुरुवात करावी असे मी आवर्जून सुचवीन, कारण तिच्यात टॅनिन नगण्य असते आणि चुकण्याची शक्यता निम्म्याने कमी होते. दुकानात पोर्ट या नावाने मिळणारी गोड तांबडी वाइन अनेकांच्या परिचयाची असते. ती वापरायचीच असेल तर पाक अजिबात घालू नये आणि लिंबाचा रस दुप्पट करावा. तरीही फळांची चव तिच्यात दबतेच.

बाटली विकत घेतल्यापासून फ्रिजमध्ये जाईपर्यंत तिची काळजी घेणे हा नागपुरातला वेगळाच विषय आहे. एका मे महिन्यात मी सकाळी घेतलेल्या बाटल्या गाडीच्या डिकीत विसरले आणि त्या दुपारी तीन वाजता काढल्या. बुचे किंचित वर सरकली होती आणि उघडल्यावर वाइनला शिजवलेल्या मनुकांसारखा वास येत होता. बंद गाडीतील तापमान बाहेरच्या तापमानाहून कितीतरी अधिक होते आणि बाहेरच मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असतो. तेव्हा वाइनची खरेदी संध्याकाळी करावी, जिथे बाटल्या वातानुकूलित जागेत ठेवल्या जातात असे दुकान निवडावे, उन्हाच्या तिरिपेत मांडलेली बाटली घेऊ नये आणि घरी आल्यावर ती लगेच फ्रिजमध्ये आडवी किंवा उभी, जशी मावेल तशी ठेवावी.

फळांचा वेळ

सांग्रियाचे यश फळांच्या संख्येवर अवलंबून नसते. तीन फळे पुरतात, चारांच्या पुढे जाऊ नये. महत्त्वाचे असते ते प्रत्येक फळ वाइनमध्ये किती वेळ ठेवायचे हे ठरवणे.

सफरचंद हे सर्वांत सोशिक फळ आहे. त्याचे साल ठेवून बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत आणि ते सहा ते आठ तास भिजू द्यावेत; तुकडे कुरकुरीत राहतात आणि वाइन पिऊन घेतात. अननसाचे तुकडे चार तासांत पुरेसे मुरतात. मार्चअखेर ते एप्रिलपर्यंत मिळणारी बिनबियांची द्राक्षे, हिरवी किंवा काळी, अर्धी चिरून दोन-तीन तास ठेवली तर छान; मात्र निम्मी द्राक्षे चिरू नयेत, ती गोठवायची आहेत, त्याचे कारण पुढे येईलच. खरबूज तासाभराहून जास्त ठेवू नये. टरबूज, ज्याला पुण्या-मुंबईकडे कलिंगड म्हणतात, ते अर्ध्या तासात विरघळू लागते आणि त्याचा रवाळ गर तळाशी साचतो, म्हणून ते मिश्रणात न घालता वाढताना पेल्यात दोन-तीन तुकडे टाकावेत.

आंब्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. मे महिन्यात नागपुरात आंध्र-तेलंगणाकडून बैंगनपल्ली आंबा भरपूर येतो. त्याला धागे जवळजवळ नसतात आणि गर घट्ट असतो, त्यामुळे त्याच्या फोडी वाइनमध्ये आकार टिकवतात. हापूस किंवा पायरी पिकल्यावर फार मऊ होतात आणि पेय गढूळ करतात. ते खायला ठेवावेत. बैंगनपल्लीसुद्धा पूर्ण पिकलेला घेऊ नये. देठाजवळ किंचित घट्ट लागणारा, पाडाला आलेला आंबा निवडावा, त्याच्या फोडी शेनॅन ब्लांमध्ये दोन तास ठेवाव्यात आणि त्याबरोबर कैरीच्या पाच-सहा पातळ चकत्याही टाकाव्यात. पिकल्या आंब्याची गोडी आणि कैरीचा चटका एकाच घोटात येतो, आणि माझ्या मते मे महिन्यातल्या नागपूरला यापेक्षा साजेशी सांग्रिया दुसरी नाही.

केळे, चिकू आणि पिकलेला पेरू कधीही घालू नये. पहिली दोन फळे पेयाचा लगदा करतात आणि पेरूचा वास इतर सर्व वासांना गिळून टाकतो. दालचिनीचा एक तुकडा तांबड्या वाइनमध्ये शोभतो, पण चार तासांनी तो काढून घ्यावा. पांढऱ्या वाइनमध्ये आल्याच्या दोन-तीन चकत्या पुरतात. पुदिना शेवटी, तळहातावर एकदा थोपटून.

प्रमाण आणि कृती

आठ-दहा जणांसाठी ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या वाइन, वर सांगितलेला संत्र्याच्या साखरेचा पाक, ३०० मिलिलिटर ताजा संत्र्याचा किंवा मोसंबीचा रस, दोन मोठ्या लिंबांचा रस, सुमारे पाऊण किलो चिरलेली फळे आणि ६०० मिलिलिटर साधा सोडा एवढे साहित्य लागते. पारंपरिक कृतीत ब्रँडी असते. ती घालायची झाल्यास ९० मिलिलिटरपेक्षा जास्त नको. वाइनमध्ये साडेबारा टक्के मद्यांश धरला तर ब्रँडीशिवाय या मिश्रणाचा मद्यांश सव्वासात टक्क्यांच्या आसपास येतो आणि ब्रँडी घातल्यावर तो साडेआठच्या जवळ जातो. उन्हाळ्यात मी ब्रँडी घालत नाही. दिवसभर घामाने शरीरातले पाणी गेलेले असते, पेय गोड आणि थंड असल्यामुळे ते भराभर प्यायले जाते, आणि त्यातल्या मद्याचा अंदाज पिणाऱ्याला येईपर्यंत उशीर झालेला असतो.

भांडे काचेचे, चिनी मातीचे किंवा चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असावे. तांब्या-पितळेचे देखणे घंगाळे मध्यभागी मांडण्याचा मोह होतो, परंतु वाइन आणि लिंबू दोन्ही आम्लधर्मी असल्याने त्या धातूंचा अंश पेयात उतरतो, ॲल्युमिनियमचेही तसेच. लोणच्याची मोठी बरणी उत्तम, फक्त तिला लोणच्याचा वास राहिलेला नसावा.

मेळावा संध्याकाळी आठला आहे असे धरू. सकाळी अकराच्या सुमारास सफरचंद आणि अननस चिरून बरणीत घालावेत, त्यावर अर्धा पाक ओतावा आणि अर्धा तास तसेच राहू द्यावे. साखरेमुळे फळांना पाणी सुटते आणि तो रस पाकात मिसळून दाट, सुवासिक द्रव तयार होतो. वाइन आधी ओतली तर फळ आपला रस इतक्या मोकळेपणाने सोडत नाही, म्हणून हा अर्धा तास वाचवू नये. त्यानंतर आधीच गार केलेली वाइन ओतून, झाकण लावून, बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. दुपारी पाचला द्राक्षे आणि सहाला आंबा घालावा. साडेसातला संत्री पिळून, रस गाळून, बिया कटाक्षाने काढून तो बरणीत घालावा. लिंबाचा रसही तेव्हाच. मग एकदा ढवळून चव पाहावी आणि उरलेला पाक लागेल तसा घालावा. चव पाहताना हे लक्षात ठेवावे की थंड पेयात गोडी कमी जाणवते आणि सोड्यामुळे ती आणखी पातळ होणार आहे, त्यामुळे या टप्प्यावर मिश्रण मनाजोग्या चवीपेक्षा किंचित गोड आणि किंचित आंबट असायला हवे. सोडा मात्र बरणीत कधीही ओतू नये. तो प्रत्येक पेल्यात, वाढतानाच, आणि अगदी थंडगार असलेलाच घालावा; द्रव जितका गार तितका वायू त्यात अधिक काळ टिकतो, आणि कोमट सोडा क्षणात फसफसून निपचित पडतो.

उन्हाळ्यात वीज जाण्याचा भरवसा नसतो. फ्रिज तीन-चार तास बंद राहिला तर बरणी बर्फाच्या परातीत हलवावी. चिरलेली फळे असलेले हे मिश्रण एकूण चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

थंड ठेवण्याची रीत

आता बर्फाविषयी. वाइन, पाक, फळे, सोडा, पेले, अगदी डावसुद्धा, सर्व काही आधीच फ्रिजमध्ये गार करून ठेवले असेल तर पेल्यात बर्फ टाकण्याची गरजच उरत नाही. तरीही आपल्याकडच्या हवेत पेय दहा मिनिटांत तापू लागते, म्हणून मी गोठवलेली द्राक्षे वापरते. धुऊन कोरडी केलेली अखंड द्राक्षे ताटात एकेरी थरात पसरून सकाळी फ्रीझरमध्ये ठेवली की संध्याकाळपर्यंत ती गोट्यांसारखी कडक होतात. प्रत्येक पेल्यात सहा-सात टाकावीत. ती वितळली तरी पेयात पाणी वाढत नाही, आणि शेवटी खायलाही मिळतात. द्राक्षांचा हंगाम सरल्यावर आंब्याच्या किंवा खरबुजाच्या फोडी अशाच गोठवाव्यात.

बरणी थंड ठेवण्यासाठी बर्फ बाहेरून लावावा. मोठ्या परातीत बर्फ, थोडे पाणी आणि दोन मुठी जाडे मीठ घालून त्यात बरणी बसवावी. मिठामुळे त्या पाण्याचे तापमान शून्याच्याही खाली जाते आणि बरणी दोन तास गार राहते. कुल्फीवाल्याच्या मडक्यामागचे तत्त्व हेच. पेयात थेट बर्फ घालावाच लागला तर लहान खड्यांऐवजी स्टीलच्या डब्यात गोठवलेला एकच मोठा गोळा घालावा, कारण त्याचा हवेला आणि पेयाला लागणारा पृष्ठभाग तुलनेने कमी असतो आणि तो सावकाश वितळतो.

बरणीच्या परातीबाहेर राहिलेल्या भागाला ओले सुती फडके गुंडाळून ती कूलरच्या वाऱ्यात ठेवली तर आणखी फायदा होतो. एप्रिल-मेमध्ये नागपूरची हवा इतकी कोरडी असते की फडक्यातले पाणी झपाट्याने उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते तेही असेच. जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवेत दमटपणा आला की ही युक्ती निकामी होते. पण सांग्रिया थेट माठात मात्र करू नये. माती सच्छिद्र असल्यामुळे ती वाइन शोषते आणि नंतर तो वास माठातून जात नाही.

न पिणाऱ्यांसाठी

आमच्या बैठकीत निम्मे लोक मद्य घेत नाहीत, आणि त्यांच्या हाती बाजारातल्या शीतपेयाची बाटली देणे मला पाहुणचाराला धरून वाटत नाही. त्यांच्यासाठी मी विदर्भात सहज मिळणाऱ्या अंबाडीच्या लाल फुलांचा अर्क करते. २५ ग्रॅम सुकी फुले एक लिटर उकळत्या पाण्यात घालून, गॅस बंद करून, झाकून पंधरा मिनिटे ठेवावीत आणि गाळून गार करावे. माणकासारखा लाल रंग येतो, आंबटपणा नैसर्गिक असतो आणि किंचित तुरटपणामुळे ते तांबड्या वाइनची आठवण करून देते. त्यात तोच संत्र्याचा पाक, तीच फळे, तोच सोडा. पाक मात्र दीडपट लागतो आणि लिंबू लागत नाही. ही बरणी वेगळ्या रंगाच्या फडक्यात गुंडाळावी, तिचा डावही वेगळा असावा आणि दोन्ही बरण्यांमधला फरक सर्वांना आधीच सांगावा, विशेषतः घरात मुले असतील तर. वाइनमध्ये मुरलेल्या फळांत भरपूर मद्य उतरलेले असते. सफरचंदाचा निरागस दिसणारा तुकडा मुलांच्या हाती जाता कामा नये, आणि मोठ्यांनीही शेवटी उरलेली फळे चमच्याने खाताना त्यांचा हिशेब धरावा.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य विकत घेण्यासाठी, जवळ बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. सभागृह किंवा लॉन घेऊन मोठा कार्यक्रम करायचा असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आधी चौकशी करून वेगळी परवानगी घ्यावी. नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्धा रस्त्याने बुटीबोरीच्या पुढे जाऊन जिल्ह्याची हद्द ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो आणि तेथे दारूबंदी आहे. तिकडच्या शेतावर मेळावा असेल तर फक्त अंबाडीची बरणी न्यावी. आणि ज्याला गाडी चालवत घरी जायचे आहे त्याच्यासाठीही तीच बरणी, मग तो परतीचा प्रवास धरमपेठ ते प्रतापनगर एवढाच का असेना.

वाढताना

पाहुणे आल्याबरोबर सांग्रिया देऊ नये. आधी पाणी, मग छोट्या पेल्यात कैरीचे पन्हे, आणि दहा-पंधरा मिनिटांनी, तहान भागल्यावर, सांग्रिया. मद्य शरीरातले पाणी कमी करते, त्यामुळे तहानेपोटी ते पिणे नागपूरच्या उन्हाळ्यात खरोखर अपायकारक ठरू शकते. पाण्याचा तांब्या शेवटपर्यंत फिरता ठेवावा.

बरोबर खायला काय, हा प्रश्न येतोच. सावजीचे तिखट आणि हे पेय यांची गाठ घालू नये. मद्यामुळे तिखटाचा दाह वाढतो आणि संत्र्याचा नाजूक सुगंध त्या मसाल्यापुढे टिकत नाही. सांबारवडी मात्र उत्तम जमते. आतले कोथिंबीर-खोबऱ्याचे सारण, वरचे खुसखुशीत आवरण आणि मधूनच लागणारी खसखस यांना थंड, किंचित आंबट पेयाची जोड फार चांगली लागते. फक्त सारणात मिरची हात राखून घालावी. भाजलेले शेंगदाणे, पनीरचे तुकडे आणि काकडीच्या फोडी पुरेशा आहेत.

पेला निम्मा सांग्रियाने भरावा, त्यात डावाने दोन-तीन फोडी घालाव्यात, गोठलेली द्राक्षे टाकावीत, वर हळूच सोडा ओतावा आणि पुदिन्याचे पान ठेवावे. चमचाही द्यावा, कारण फळे बोटांनी काढणे कोणाला आवडत नाही. पहिली फेरी झाली की बरणीतला उरलेला भाग पुन्हा एकदा चाखून पाहावा. फळांनी तोपर्यंत आपली गोडी सोडलेली असते आणि दुसऱ्या फेरीला बहुधा अर्ध्या लिंबाचा रस आणखी लागतो. साडेनऊ-दहापर्यंत संत्र्याच्या रसाला दोन-अडीच तास झालेले असतात. त्यानंतर कडवटपणा डोके वर काढू लागतो. तेव्हा बरणी त्याच सुमारास संपेल इतकीच करावी, आणि कोणी आणखी मागितले तर बाजूला राखून ठेवलेली दोन संत्री तिथेच, त्यांच्यासमोर पिळावीत.